एन्काउंटर म्हणजे सामोरं जाणं

मुलुंड पूर्वेच्या पारिजात सोसायटीत रविवारी अकराला सभा होती. साडेदहाला सेक्रेटरी विद्याधर केळुसकर गच्चीच्या जिन्याखाली मेलेला सापडला. डोकं मागून फुटलं होतं. उजव्या मुठीत वहीच्या कागदाची पट्टी होती. पट्टीवर निळ्या शाईत इंग्रजीतलं एकच वाक्य होतं : ऑन संडे आय विल एन्काउंटर विद्याधर.

मंगळवारी दुपारी किरण अहिरे घाटकोपरला पद्मजा राणेच्या ऑफिसात आली, ती थेट हॉस्पिटलची ड्युटी संपवून. पद्मजा खाजगी तपासाची कामं घ्यायची. तिचा भागीदार निलेश परब पूर्वी विम्याचा सर्व्हेअर होता. माणूस प्रामाणिक, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

"अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे," किरण म्हणाली. "धम्मपालने ते लगेच कबूल केलं. रविवारीच त्यांना अटक झाली. पोलिसांनी विचारलं, एन्काउंटर म्हणजे काय रे? हे म्हणाले, सामोरं जाणं. सगळी चौकी हसली, मॅडम."

"मीपण हसलो असतो," निलेश म्हणाला. "मुंबईत एन्काउंटर म्हणजे उडवणं."

पद्मजाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. निलेशने मान खाली घातली.

किरणने सगळं सांगितलं. धम्मपाल लिफ्टचा मेकॅनिक. सहा वर्षं तिघं त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते, दोघं नवराबायको आणि सासूबाई शांताबाई. आता तेच घर विकत घ्यायचं होतं. मालक तयार होता, पण सोसायटी संमतीपत्र देत नव्हती. विद्याधर दर वेळी इंग्रजीत काहीतरी बोलून त्यांना खाली बसवायचा. म्हणून धम्मपाल वर्षभर शेजारच्या चंद्रप्रकाश मोहिले सरांकडे इंग्रजी शिकत होता. रविवारच्या सभेत तो उठून इंग्रजीत बोलणार होता.

"सर पैसे घेत नाहीत," किरण म्हणाली. "देवमाणूस. ही वही बघा. गुरुवारी तपासायला ठेवून घेतात, शनिवारी परत देतात."

वहीत प्रत्येक पानाच्या वर एक इंग्रजी क्रियापद होतं. विरोध करणं, प्रतिकार करणं, तग धरणं. रविवारची तयारीच म्हणायची. खाली धम्मपालची वाक्यं आणि समासात सरांच्या लाल बॉलपेनच्या खुणा होत्या. 'मीट टू हिम'मधला 'टू' इतक्या जोरात खोडला होता की पानाच्या पाठीवर उंचवटा आला होता. एक स्वल्पविरामही सुटला नव्हता. शेवटचं लिहिलेलं पान मुळापासून फाडलेलं होतं.

पद्मजाने त्यापुढच्या कोऱ्या पानावरून अंगठा फिरवला. "वही माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी दोघं मुलुंडला गेली. आधी चौथ्या मजल्यावरचा नितेश भेटला. हा कमिटीवर होता.

"हो, माझा विरोध होता," तो दारातच म्हणाला. "तोंडावर सांगितलं मी त्याला. आपली माणसं आपल्यात बरी. यात लपवायचं काय?"

"तुमच्या लेखी एन्काउंटर म्हणजे काय?"

"ठोकणं! दुसरं काय असतं? शाळेत असल्यापासून पेपरात तेच वाचतोय ना."

जिना उतरताना निलेश नाक मुरडून आपल्या मालवणीत म्हणाला, "हाच असतलो. कसला घाणेरडा बोलता!"

"तोंडावर बोलतो रे. मला न बोलणारा हवाय."

विद्याधरची बायको दीप्ती रडून रडून कोरडी झाली होती. "यांना निनावी पत्रं यायची, इंग्रजीत टाइप केलेली," ती म्हणाली. "त्या पत्रांमुळेच हे संमती अडवून बसले होते. शनिवारी मात्र म्हणाले, पत्रं कोण लिहितं ते कळलं. उद्या सभेत नाव वाचतो आणि धम्मपालला संमती देऊन टाकतो. मी विचारलं, कोण? म्हणाले, ऐकलंस तर तुझा विश्वास बसणार नाही. पत्रांचं पाकीट खिशात घेऊन गेले होते."

पाकीट प्रेतावर सापडलं नव्हतं. पण एका पत्राचा फोटो दीप्तीच्या मोबाइलमध्ये होता. पद्मजाने तो दोनदा वाचला. अहिरेंच्या जेवणाचा वास सामाईक भिंतीतून येतो, असं त्यात होतं. 'अशा लोकांना रोज आपल्या उंबऱ्याशी एन्काउंटर करावं लागतं,' असंही होतं. इंग्रजी अगदी निर्दोष होतं.

"देवनारच्या कचऱ्याजवळ मी दहा वर्षं काढली," ती बाहेर येऊन म्हणाली. "तो वास सवयीने जातो. हा नाही जायचा."

चंद्रप्रकाश सरांनी दोघांना आदराने आत बसवलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, भिंतभर पुस्तकं. पद्मजाने पट्टीचा विषय काढताच ते हळहळले.

"बिचारा! हा शब्द मी शिकवलेला नाही. डिक्शनरीतून उचलला असणार. ते पान माझ्यापर्यंत आलंच नाही."

"आलं असतं तर?"

"पहिल्यांदा तोच शब्द खोडला असता." सरांना शिकवण्याचा हुरूप आला. "एन्काउंटर म्हणजे अवचित गाठ पडणं. नाहीतर वाटेत विरोध आडवा येणं. वार ठरवून कुणी एन्काउंटर करत नाही. तिथे फेस लिहावं. एन्काउंटर लिहिलं की आपल्या शहरात त्याचा भलताच अर्थ होतो."

"फार छान सांगितलंत, सर," पद्मजा म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात इन्स्पेक्टर सुयोग म्हात्रे, दीप्ती, नितेश, सर, किरण आणि शांताबाई जमले. पद्मजाने वही टेबलावर ठेवली.

"पट्टीवरून सुरुवात करू. कागद फाटलेला नाही, फूटपट्टी लावून सरळ कापलाय. डावीकडचा समास नाही, पानाच्या वर असतो तो शब्दही नाही. झटापटीत हाती आलेला कागद असा नसतो. तो कुणीतरी तयार करून मुठीत ठेवलाय. पण समास का कापला? समासात काय असतं?"

"लाल शेरे!" निलेश एकदम म्हणाला.

"सर म्हणतात, ते पान त्यांनी पाहिलंच नाही." पद्मजाने शिसपेन आडवी धरून कोऱ्या पानावर हलकेच घासली. करड्या रंगातून पांढऱ्या रेघा वर आल्या. वर एन्काउंटर हा शब्द, खाली त्या वाक्याच्या ओळीवर बरोबरची मोठी खूण, आणि समासात दोन इंग्रजी शब्द : व्हेरी गुड.

इन्स्पेक्टर म्हात्रेंनी वाकून ते वाचलं.

"सर पेन दाबून लिहितात," पद्मजा म्हणाली. "जो माणूस एक फालतू 'टू' सोडत नाही, त्याने इतक्या चुकीच्या वाक्याला शाबासकी दिली. चूक का आहे, हे त्यांनीच मला समजावलं. मग खोडलं का नाही? कारण ते चुकीचंच हवं होतं. गुरुवारपासून वही त्यांच्याकडेच होती, पान तिथेच फाडलं. धम्मपालला कळलेला अर्थ एक, पोलीस लावणार तो दुसरा. दोन्ही अर्थ ठाऊक असलेला माणूस या इमारतीत एकच."

"पण का?" दीप्तीने विचारलं.

"पत्रं. नितेशना या शब्दाचा एकच अर्थ येतो, त्यांच्या हातून पत्रातलं ते उंबऱ्याचं वाक्य उतरणं शक्य नाही. आणि अहिरेंच्या घराला सामाईक भिंत एकाच घराची आहे. विद्याधर पत्रं लिहिणाऱ्याच्या मागावर आहेत, याचा सरांना सुगावा लागला होता. सभेआधी 'गच्चीवर बोलू' म्हणून नेलं, ढकललं आणि पाकीट काढून घेतलं."

सुयोग म्हात्रे मोबाइलवरचा मेसेज वाचून उठले. "पाकीट आत्ताच मिळालं, सर. तुमच्याच पुस्तकांमागे. वॉरंट घेऊन माझी माणसं तुमच्याच घरी आहेत."

सरांनी चष्मा काढून पुसला. आवाज वर्गातल्यासारखाच शांत होता. "चाळीस वर्षं लोकांनी मला वाकून नमस्कार केला. विद्याधर ते सगळं भरसभेत धुळीला मिळवणार होता. धम्मपालला शिकवायला मला खरंच आवडायचं. मुलगा हुशार आहे. पण शिकवणं वेगळं, आणि भिंतीला भिंत लावून कायमचं राहणं वेगळं."

शांताबाई खुर्चीतून उठल्या. "पंचमीला तुम्ही माझ्या हातची पुरणपोळी घेतलीत," त्या म्हणाल्या. "तिचं काय केलंत?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पद्मजाने खिडकी उघडली.

शनिवारी धम्मपाल सुटला. पद्मजा आणि निलेश त्याला घेऊन आले, तर फाटकाशी अर्धी सोसायटी उभी होती. नितेशच्या हातात सह्या झालेलं संमतीपत्र होतं.

"आम्हाला माहीतच होतं यार, तू तसला नाहीस," तो म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

किरणने ते पत्र घेतलं, नीट वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं.

"रविवारी यांना हातकड्या घालून नेलं, तेव्हा तुम्ही सगळे जिन्यात होतात," ती म्हणाली. "मी एकेकाचं तोंड बघत होते. माहीत होतं, तर बोललं कोण?"

धम्मपालने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि सगळ्यांच्या मधून तो जिना चढू लागला. त्याला वाट द्यायला लोक भिंतीला चिकटून उभे राहिले.