अळणी कालवण

हसुराम मिठागर कसायचा, पण लेकीच्या, निमिषाच्या, कानामागे डॉक्टरीणबाईंनी ती चकती लावल्यापासून त्याच्या घरात कालवण अळणी शिजत होतं.

"बाबा, बोंबलांनी काय गुन्हा केलाय?" निमिषानं ताट सारलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, तुझ्या डोक्यात मीठ साचलंय."

निमिषा हसत सुटली. कानामागे चकती निळी लुकलुकली. "मीठ नाय, बाबा. मिठातलं क्लोराइड. तेही पेशींच्या आतलं. ताटातल्या मिठानं त्याला काय होत नाय."

मग तिनं कालवणात बोट फिरवत समजावलं. मेंदूतल्या काही पेशी शेजारणीला 'चल' म्हणतात, काही 'थांब'. 'थांब' लागू पडायला पेशीच्या आत क्लोराइड कमी लागतं. निमिषाच्या पेशींत ते भरून राहिलेलं. त्यामुळे 'थांब' म्हटलं की पेशी उलट धावत सुटायची, तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. तीच फिट. आता नाकात मारलेल्या फवाऱ्यातून गेलेल्या जनुकानं पेशींना क्लोराइड बाहेर उपसणारा पंप बनवून दिला होता, आणि चकती तो पंप चालू ठेवत होती.

"आणि चकती काढली तर?"

"तासाभरात पंप बंद. मग परत पहिल्यासारखं."

हसुरामनं उठून मीठ आणलं, तिला वाढलं. स्वतःच्या ताटात घ्यायचं मात्र राहून गेलं.

फिट यायच्या आधी निमिषाला आई दिसायची. मिठाच्या पांढऱ्या वाफ्यांवरून चांगुणा चालत यायची, डोक्यावर रिकामी टोपली, पाय ओले. ती तापानं गेली त्याच साली फिट सुरू झाल्या होत्या. निमिषा शुद्धीवर आली, की तिचं तोंड पुसत हसुराम विचारायचा, "काय म्हणाली?" जड जिभेनं निमिषा सांगायची. कधी चांगुणा म्हणायची, बांध खचलाय, बघा. कधी नुसतीच हसायची. हसुरामच्या स्वप्नात ती एकदाही आली नव्हती. त्याला मिळायचं ते एवढंच.

चकती लागायच्या आधी, शेवटच्या खेपेला, निमिषा वाफ्यातच उपडी पडली. पाणी वीतभर, पण नाकातोंडात गेलं. त्यानं ओढून काढलं, पाठ थोपटली. तिनं श्वास घेतला, आणि त्याच्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला.

जेवून निमिषा पडवीत आडवी झाली. बाहेर उन्हात मिठागर पांढरं पेटलं होतं. वाफे कुठं संपतात आणि आभाळ कुठं लागतं, कळत नव्हतं. सगळं हळूहळू हलत होतं, पाण्याखालून पाहिल्यासारखं. हसुराम लेकीच्या उशाशी बसला. त्याचं बोट चकतीवर गेलं. नखानं कड उचलली.

"काढा, बाबा," डोळे मिटूनच निमिषा म्हणाली. "एकदाच. पण मला धरून ठेवा. तिला काय विचारू?"

विचारायचं किती होतं. हसुरामनं मिठागराकडे बघितलं. मग त्यानं कड परत दाबून बसवली, अंगठ्यानं, घट्ट.

"काय झालं?"

"कुणीतरी थांब म्हणालं, बाय."

निमिषा उठून बसली. तिनं बाहेर बघितलं. बांधावर कुणीच नव्हतं, नुसतं ऊन. मग तिनं बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं,

"आणखी काय म्हणाली?"