एकतीस नंबरचा वाडगा

आमच्या मातीकाम विभागाच्या दारात हजेरीचं मशीन आहे. अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागतो आणि पडद्यावर रोल नंबर येतो, असं म्हणतात. माझ्यासाठी तो दिवा दोन वर्षांत एकदाही हिरवा झाला नव्हता. दिवसभर खरखरीत माती चाकावर फिरवून अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. मग ऑफिसातल्या बाई वैतागून मोठं रजिस्टर काढायच्या, माझ्या एकटीसाठी आखलेल्या ओळीत सही घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्यामुळे हे बाड सांभाळतेय मी."

तर अशी मी, एम.ए.च्या शेवटच्या वर्षात दुसऱ्यांदा. गेल्या वर्षी सरांनी माझे वाडगे उलटेसुलटे करून पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "छान आहेत, पण यात तू कुठेयस?" नापास. यंदाही तसंच झालं तर प्रवेश रद्द. बाबांनी फोनवर एवढंच म्हटलं, "बघ बाई, तुझं तू."

म्हणून मी स्वतःची माती बनवायला घेतली. भाजलेल्या भांड्यांची भुकटी ओल्या मातीत मिसळायची, म्हणजे ताकद येते आणि रंगही वेगळा मिळतो. माझी तुटकी भांडी संपली तेव्हा सिंकच्या वरच्या फळीकडे लक्ष गेलं. तिथे जुन्या विद्यार्थ्यांची न नेलेली भांडी असतात. ती कोणी फोडत नाही. भट्टीवाले काका दर शनिवारी ती पुसून परत ठेवतात. त्यातला एक तांबूस वाडगा मी उचलला. तळाशी बनवणाऱ्याचा रोल नंबर कोरलेला होता, '३१'.

"ते कुणाचं तरी आहे," काका म्हणाले.

"काका, एवढ्या वर्षांत कोणी आलं नाही न्यायला. आता काय येणार?"

मी वाडगा खलबत्त्यात कुटला.

पहिल्या भट्टीतून आठ वाडगे निघाले. एकाच्या आत, काठाखाली, अंगठ्याचा ठसा होता. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या टेबलावरच्या चष्मिशला मी नको नको ते बोलले.

"तुझ्या वाडग्यांना हात लावायला मला वेड लागलंय का?" तो म्हणाला, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या भट्टीच्या वेळी वाडगे मी स्वतः रचले. दार लावून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. या वेळी ठसे पाच वाडग्यांत होते. रागारागात त्यातल्या एका ठशावर मी माझा अंगठा ठेवला. तंतोतंत बसला. म्हणजे माझाच हलगर्जीपणा! मला रडूच फुटलं.

मग तोंड धुता धुता लक्षात आलं. माती भट्टीत आक्रसते, आठव्या हिश्शाने तरी. ओल्या मातीत उमटलेला माझा ठसा भाजून निघाला की लहान मुलाच्या अंगठ्याएवढा होतो. हा पूर्ण मापाचा होता. म्हणजे तो भाजल्यानंतर उमटला होता, दगडासारख्या कडक झालेल्या भांड्यात.

आणि त्यात रेषा होत्या, अगदी ठसठशीत.

परीक्षेला चार दिवस उरले होते. नवी माती बनवायला वेळ नव्हता. मी चरफडत उरलेल्या मातीचे आठ वाडगे केले आणि शेवटची भट्टी लावली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी काकांनी दार उघडलं. आठही वाडग्यांत आत अंगठा होता आणि बाहेर चार बोटं. कोणीतरी प्रत्येक वाडगा डाव्या हातात नीट धरून बघितल्यासारखा.

"ती डावखुरी होती," काका म्हणाले.

"कोण?"

काकांनी फडकं उचललं आणि फळी पुसायला घेतली. एकतीसची जागा त्यांनी दोनदा पुसली.

मी उजव्या हाताने काम करते. सांगणार कुणाला? मुकाट्याने वाडगे टेबलावर मांडले.

सरांनी एक उचलला. त्यांची बोटं आपोआप त्या खाचांमध्ये गेली. बराच वेळ त्यांनी तो खाली ठेवलाच नाही.

"आता दिसतेयस तू," ते म्हणाले. "पास."

ज्या शब्दासाठी दोन वर्षं जीव टाकला तो ऐकून मला काहीच वाटलं नाही. पेन घेऊन मी निकालाच्या कागदावर सही केली.

सही झाल्यावर पाहिलं. पेन डाव्या हातात होतं.

बाहेर पडताना सवयीने मशीनवर अंगठा ठेवला.

दिवा हिरवा झाला.

पडद्यावर आकडा आला: ३१.

"घेतला का अंगठा एकदाचा!" बाई आतूनच ओरडल्या. "सुटले बाई मी."

त्यांनी रजिस्टर उघडलं, माझ्या नावावर पट्टी ठेवली आणि सरळ रेघ मारून ते खोडून टाकलं.