वापरातलं खोगीर

आम्ही लहान घरात राहायला जाणार होतो, म्हणून सामान कमी करणं आलं. आत्याचं जुनं इंग्लिश खोगीर नऊ वर्षं माळ्यावर पडून होतं. माझा नवरा त्याला घरातली खरीखुरी खोगीरभरती म्हणायचा. विकायचंच तर आधी किंमत कळू दे, म्हणून एका दुपारी ते चादरीत गुंडाळून मी खोगीरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं.

अरुंद, लांबट दुकान. मेणाचा, तेलाचा, कातड्याचा वास. म्हाताऱ्याने खोगीर लाकडी घोडीवर ठेवलं आणि नाडी बघावी तसा त्यावर हात ठेवला. दोन्ही टोकं दाबून आतला सांगाडा तपासला. नखाने शिवण चाचपली. सगळी हाताची, एक टाका उसवलेला नाही, म्हणाला. मला त्याची बोटंच बघत राहावंसं वाटलं.

मग तो बसणाऱ्या माणसाविषयी बोलू लागला. बाई होती. डावा गुडघा अधू असावा, कारण त्या बाजूचं कातडं कमी झिजलंय. पण भीतीने पुढचा काठ तिने कधी धरला नाही. हात फार हलका.

मी थक्क झाले. मी तर काहीच सांगितलं नव्हतं. तरुणपणी पडून आत्याचा गुडघा मोडला होता, तरी साठी उलटेपर्यंत ती घोडेस्वारी शिकवत होती. कुणालाही न जुमानणारे घोडे तिच्यापुढे मान खाली घालायचे.

म्हाताऱ्याने खोगीर उलटं केलं आणि थबकला.

"ताई, हे कोण वापरतं?"

"कुणी नाही, काका. आत्या जाऊन नऊ वर्षं झाली."

त्याने माझा हात धरून खालच्या गादीवर टेकवला. गादी ओली होती... आणि कोमट. हाताला घोड्याच्या घामाचा वास आला.

त्याने ते पुन्हा सुलटं ठेवलं. बाहेर रस्त्यावर भर दुपारची वर्दळ होती. आत फक्त लाकूड करकरलं. डावी रिकीब हळूहळू खाली ओढली गेली... पट्टा ताठ झाला. कुणीतरी पाय ठेवल्यासारखा.

मी दाराकडे सरकले. म्हातारा मात्र मागे सरला नाही. तो पलीकडे गेला, दोन्ही हातांनी उजवी रिकीब खाली दाबून धरली. स्वार चढताना खोगीर कलू नये म्हणून धरतात, तशी. त्याची मान झुकलेली होती.

"या, बाई..." तो हलकेच म्हणाला.

बैठकीचं कातडं कुरकुरलं आणि मधोमध दबलं.

किती वेळ गेला कोण जाणे. पट्टे सैल पडले तेव्हा त्याने कपाळ पुसलं. मला वाटलं होतं त्याच्या तिप्पट किंमत सांगितली.

"तुम्ही घ्याल?" मी विचारलं.

"नाही, ताई. वापरातलं आहे."

मी खोगीर परत आणलं. ते पलंगाशेजारी ठेवून मी झोपले. सकाळी पाहते तर रिकिबीचे दोन्ही पट्टे चार-चार भोकं वर घेऊन आखूड केलेले.

आत्या माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. पट्टा स्वाराच्या हाताच्या लांबीवर मापतात, असं ती सांगायची, म्हणून बोटं वरच्या कडीला टेकवून रिकीब काखेशी आणली. माझ्या हाताला तंतोतंत बसली. मी आयुष्यात कधी घोड्यावर बसलेली नाही.