सुचवलेल्या परीक्षक

शोधनिबंध पाठवला की नियतकालिकं लेखकालाच विचारतात, तपासायला कोणाकडे देऊ? नाव आणि ईमेल कळवा. एवढी सोय कुणी आपण होऊन करून दिल्यावर माणसाने काय करावं? मी डॉ. शकुंतला हुद्दार नावाची एक निवृत्त प्राध्यापिका जन्माला घातली, तिचं ईमेल खातं उघडलं आणि माझाच निबंध माझ्याकडे तपासायला मागवून घेतला. बढतीला तेवढा एकच कमी पडत होता. माझ्या बायकोने, दीपश्रीने, माहेरी पेढेसुद्धा वाटून टाकले होते.

बाईंच्या नावाने मी स्वतःचं भरपूर कौतुक केलं. खरं वाटावं म्हणून दोन फुटकळ चुका काढल्या. पापबीप काही वाटलं नाही, उलट मजा आली.

संपादकांकडून आलेला अभिप्राय मात्र मी लिहिलेला नव्हता. 'अळणावरकडच्या विहिरींचे म्हणून दिलेले पाण्याचे नमुने लेखकाच्या सप्तापूरच्या घरातील न्हाणीघराच्या नळाचे आहेत.' खाली बाईंचं नाव.

खरं होतं ते. पण हे दीपश्रीलाही ठाऊक नव्हतं. बाईंचं खातं उघडायला गेलो तर पासवर्ड चालेना. कुणीतरी खातं फोडलं असणार, अशी मी मनाची समजूत घातली. तक्रार तरी काय करणार? ही बाई मीच बनवली आहे, म्हणून?

शेवटी संपादकांना, हुबळीच्या मुकुंदरावांना, फोन केला.

"मुकुंदराव, या हुद्दारबाई कोण हो?"

"अहो, तुम्हीच सुचवल्यात की! परवा घरी येऊन गेल्या, चहा घेतला. भारी कडक बाई, बघा."

"कशाला आल्या होत्या?"

ते घुटमळले. "तुमची चौकशी करत होत्या. असा माणूस खरंच आहे का, म्हणून."

मी हसून फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात बाईंचा शेवटचा अभिप्राय आला. 'लेखक बनावट आहे. या नावाचा प्राध्यापक धारवाडात कुणालाही माहीत नाही. दिलेल्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन राहिले आहे. निबंध फेटाळावा.'

राहिले आहे?

त्या सकाळी कॉलेजात हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. रोज वाकून नमस्कार करणारा शिपाई नागेश मला अडवून म्हणाला, "पालकांना आत सोडत नाही री."

मुकुंदरावांना फोन लावला. नाव सांगितलं.

"राँग नंबर," ते म्हणाले.

रिक्षा करून घरी आलो. दारावरच्या माझ्या नावाच्या पाटीच्या जागी स्क्रूची भोकं उरली होती. मी बेल दाबतच राहिलो. मला भीती वाटत होती, लहान मुलाला वाटते तशी.

दीपश्रीने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"दीपश्री, मी आहे."

तिने मला नीट पाहिलं. मग परक्या माणसाशी बोलतात तसं तिने कन्नडमध्ये विचारलं, "यारु बेकागित्तु री?" कोण हवंय आपल्याला?

लग्न झाल्यापासून ती माझ्याशी मराठीखेरीज बोलली नव्हती.

"अगं, दीपश्री..."

"कोण आलंय गं?" आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"कोणी नाही, शकुंतलाबाई," दीपश्री मराठीत म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.