कललेला क

भर दुपारी एखादी मुलगी दुकानासमोर मान वर करून बराच वेळ उभी राहिली, तर कुठल्याही तरुण माणसाचा गैरसमज होणारच. सायकलवाल्याचाही झाला. हाताचं ग्रीस पुसत, केसांवरून हात फिरवत तो बाहेर आला.

"काही हवं होतं?"

"जरा बाजूला होता का? तुमचं डोकं मध्ये येतंय."

ती बघत होती दुकानाची पाटी. लाकडी फळीवर लाल रंगात एकच शब्द – सायकल. गुबगुबीत पोटांची, रुंद खांद्यांची, रस्त्यापलीकडून हाक मारणारी अक्षरं! एका नाटक मंडळीला आपल्या जाहिरातींसाठी अशाच जुन्या वळणाचा ठळक फॉन्ट हवा होता आणि तो घडवायचं काम तिच्याकडे होतं. गावभर पाट्या बघून झाल्या होत्या, पण अशी ऐट कुठेच सापडली नव्हती. फक्त... त्यातला क उजवीकडे कलला होता. बाकीचे ताठ, आणि हा एकटाच शेजाऱ्याच्या कानाला लागलेला.

"हा क असा का?"

त्याने वर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "भिंतच तिरकी आहे."

दुसऱ्या दिवशी ती गवंड्याची पाणसळ घेऊन हजर. स्टुलावर चढून भिंत तपासली. "भिंत सरळ आहे."

"हो? मग फळी फुगली असेल. पावसाने."

"एकट्या 'क'च्या खालीच पाऊस पडला?"

"आमच्याकडचा पाऊस लहरी आहे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. तिने हसू दाबलं, पण ते गालावर दिसलंच.

तिचा एक हट्ट होता. कारण कळल्याशिवाय फॉन्टमध्ये एकही रेघ घ्यायची नाही. कॉम्प्युटरवर तिने क सरळ करून पाहिला, तर तो शिक्षा झालेल्या पोरासारखा कोपऱ्यात उभा राहिला. कलता ठेवावा, तर कशाच्या आधारावर? आणि मंडळीला अक्षरं शनिवारी हवी होती.

म्हणून ती येत राहिली. निदान स्वतःला तरी तिने तसंच सांगितलं होतं. स्टुलावर चढून ती अक्षरांवर पातळ कागद लावायची, तो खालून कागदाचं टोक धरायचा. बोटाला बोट लागलं, की दोघंही एकदम पाटीकडे बघायचे.

"नुसतं जाड करून भागत नाही," ती सांगायची. "बाहेर फुगवलं की आतली पोकळी बुजते. मग अक्षर गुदमरतं."

"चाकाचंही असंच. एका तारेला जास्त पीळ दिला, की दुसऱ्या बाजूने वाकतं." मग पाटीकडे बघत तो म्हणायचा, "क... बहुतेक माकडाने हलवला असेल."

"थापाड्या!"

शुक्रवारी दुपारी ती स्टुलावर असतानाच त्याची आई डबा घेऊन आली. "ही का ती अक्षरवाली? घरी दुसरा विषयच नाही."

त्याचे कान पाटीपेक्षा लाल झाले.

"काकू, ही पाटी कुणी रंगवली, माहीत आहे?"

"मीच की! नवीन लग्न झालं होतं. मी शिडीवर, हे खाली शिडी धरून. 'क'पर्यंत छान आले, आणि हे खालून काहीतरी बोलले. मी बघितलं खाली... गेला हात."

"काय बोलले?"

"ते नाही सांगणार," आई म्हणाली. आत वाकडं चाक सरळ करत बसलेले त्याचे बाबा जोरात खोकले. "पुसून टाकू म्हटलं, तर पुसू देईनात. पण या गधड्याला सगळं ठाऊक आहे. सांगितलं नाही?"

ती हळूच स्टुलावरून उतरली. "भिंत, पाऊस, माकड... का?"

तो हातातला पाना उगाच उलटसुलट करत राहिला. "कारण कळलं असतं, तर तुमचं इथलं काम संपलं असतं."

कागद गोळा करून ती निघून गेली. शनिवारी मंडळीला अक्षरं मिळाली, त्यात क कललेला होता. आठवड्याभरात गावातल्या भिंतीभिंतीवर तो झुकून उभा राहिला. सायकलवाला प्रत्येक जाहिरातीसमोर ब्रेक मारत होता. ती मात्र फिरकली नाही.

आणि एका सकाळी ती आली – नवी फळी, लाल रंग आणि ब्रश घेऊन.

"जुनीला वाळवी लागलीय. मी रोज बघत होते, तुमचं लक्ष कुठे होतं कोण जाणे! शिडी धरा."

सा झाला. य झाला. "खाली बघू नकोस गं!" आई दारातून ओरडली.

"एक बोलू?" खालून आवाज आला.

"क होऊ दे."

"क झाल्यावर धीर व्हायचा नाही. तू... रोज येशील? कारण नसताना?"

ब्रश फळीवर होता. खाली बघायचं नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने बघितलं. ग्रीसने माखलेला तो चेहरा, वर लागलेले डोळे, आणि शिडीला घट्ट धरलेले दोन्ही हात.

"येईन," ती म्हणाली. "तू शिडी सोडू नकोस."

नव्या पाटीवरचा क जुन्यापेक्षा जरा जास्तच कलला. आत बाबा पुन्हा खोकले, पण या वेळी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.