डाव्या सीटवरचा पाय

तुमच्या गाडीचा क्लच बघतो, पण जरा दमानं. कमी वेगात इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही, असंच म्हणालात ना? एरवी मी लगेच बॉनेट उघडलं असतं. बसा त्या स्टुलावर. आधी माझ्या भाचीच्या गाडीचं ऐका.

आमचे दाजी गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीला डावीकडेही क्लच आणि ब्रेक होता. शिकणारा गडबडला की हे शेजारच्या सीटवरून दाबणार. आजारपणात ते गेले, तेव्हा ती जादा पेडलं मीच मुळासकट काढली आणि गाडी भाचीला दिली. तिची नोकरी डोंगरापलीकडे. रोज चढण, रोज वळणं, बाजूला दरी. पोरगी घरी पोहोचेपर्यंत तिच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, जीव टांगणीला लागलेला असायचा.

एका धुकट दुपारी भाची गाडी घेऊन आली. म्हणाली, "मामा, चढावर वेग कमी झाला की गाडी मागे येते. काल थोडक्यात वाचले."

मी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. क्लच घसरत असेल तर इंजिन चालूच राहतं. हे दणका देऊन बंद पडलं. चढावर मी स्वतः चालवून पाहिली, तिथंही काही नाही. क्लच ठणठणीत होता.

"दुखणं गाडीला नाही, तुझ्या पायाला आहे," मी म्हणालो. "क्लचवर पाय ठेवून चालवतेस तू."

ती फुरंगटली. "मागे बस आणि तूच बघ."

बसलो. पुढे वाकलं की चालवणाऱ्याचे पाय दिसतात. गॅरेजमागच्या चढावर तिनं पहिला गिअर टाकला. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. गाडी मुंगीच्या पावलांनी चढत होती. भाचीचा डावा पाय खाली, सपाट. माझी नजर त्यावरच होती.

आणि क्लचचं पेडल आपणहून खाली जाऊ लागलं... सावकाश, कुणीतरी अंदाज घेत दाबावं तसं. इंजिन ओरडलं. गाडी थबकली आणि मागे घसरू लागली. बंद खोलीत येतो तसला गार, कोंदट वास आला.

"ब्रेक..." मी पुढची सीट घट्ट धरली. "ब्रेक दाब, पोरी..."

गाडी थांबली. पेडल अजून खालीच होतं. डावी सीट रिकामी. तोंडातून कसं निघालं कोण जाणे, मी म्हणालो, "दाजी... पाय काढा."

पेडल हळूहळू वर आलं.

भाचीचे डोळे भरले. "बाबा आहेत, मामा," ती म्हणाली, आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

तिला घरी सोडून आलो आणि मग डोकं चालायला लागलं. दाजींचा पाय आधी ब्रेकवर जायचा, मग क्लचवर. झोपेतही याच क्रमानं पाय मारतात, असं ताई चेष्टेनं सांगायची. चढावर नुसता क्लच दाबून लेकीला मागे दरीत सोडणारा माणूस नव्हता तो.

मी डावीकडचं दार उघडलं. खालच्या रबरी मॅटवर गॅरेजची धूळ बसली होती. त्या धुळीत अनवाणी पायाचा एक ठसा होता. जेमतेम माझ्या तळहाताएवढा, लहान पोराचा.

ताईला सांगायची हिंमत झाली नाही. भाचीला तर नाहीच. किल्ली मात्र परत दिली नाही. ती बघा, कोपऱ्यात उभी आहे गाडी, चाकांना दगड लावून. भाची संध्याकाळी येते, गाडीत बसते, डाव्या सीटकडे तोंड करून बोलत राहते. बरं वाटतं म्हणते.

काल तिनं माझा हात धरला. "मामा, किल्ली दे ना. बाबा म्हणतात, एकदा डोंगरावर जाऊन येऊ."

"ते... बोलतात तुझ्याशी?"

"हो," ती म्हणाली. "फक्त आवाज फार बारीक झालाय रे त्यांचा. आणि मला ताई म्हणतात."