रिकाम्या स्टँडमधला चौकोन

शनिवारी दुपारी अडीच वाजता रणजितनं मुगाच्या खिचडीचं ताट वरच्या खोलीबाहेर ठेवलं, दारावर दोनदा टकटक केली आणि तो जिना उतरून खाली आला. दार उघडल्याचा, ताट आत गेल्याचा आणि दार पुन्हा लागल्याचा आवाज त्यानं जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून ऐकला. गेले सहा दिवस नवरा-बायकोचा संसार असा दाराच्या दोन बाजूंनी चालला होता.

सुमेधा आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. मार्चपासून लोकांच्या घशात नळ्या घालता घालता ऑक्टोबरात कोविडनं तिलाच गाठलं. नावनमधल्या त्यांच्या घरात वर एक छोटी खोली होती. तिथे ती जाऊन बसली आणि आतून तिनं हुकूम सोडले. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तिच्याजवळ होतं. "दर तासाला आकडा पाठवीन. ब्याण्णवच्या खाली गेला तर ॲम्ब्युलन्स बोलाव. मी नको म्हटलं तरी बोलाव." शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली, कारण डॉक्टरसारखा हट्टी पेशंट दुसरा नसतो हे तिला पुरतं ठाऊक होतं. आज सकाळी आकडा पंच्याण्णव होता.

रणजितनं सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. पण नुसतं बसून आकड्याची वाट बघण्यापेक्षा काम बरं, असं त्याला वाटलं. डब्लिनच्या एका छोट्या कंपनीसाठी त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता. सामना चालू असताना तो प्रत्येक खेळाडूभोवती चौकोन आखायचा, त्याला नंबर द्यायचा आणि कोण किती धावला याचा हिशेब ठेवायचा. त्याची आज खरी परीक्षा होती. वेम्ब्लीवर रग्बी लीगच्या चॅलेंज कपची फायनल, लीड्स विरुद्ध सॅलफर्ड. सॅलफर्डवाले एक्कावन्न वर्षांनी फायनलला पोचले होते आणि ते बघायला स्टेडियमात एकही प्रेक्षक नव्हता. खुर्च्या रिकाम्या, आणि टीव्हीवर गर्दीचा आवाज मागून जोडलेला.

रणजितला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. जगात रग्बी दोन प्रकारची असते, एक पंधरा जणांची आणि दुसरी तेरा जणांची, हेच त्या नागपूरकराला नोकरी लागल्यावर समजलं. त्याच्यापुरतं तेरा आणि तेरा सव्वीस, वर पंच, एवढं पुरेसं होतं.

एरवी चित्रातला प्रेक्षकांचा भाग काळ्या पडद्यानं झाकावा लागे, नाहीतर प्रोग्रॅम स्टँडमधल्या माणसांभोवतीही चौकोन आखत सुटे. पण स्टँडच रिकामा असताना पडदा कशाला? तेवढाच कॉम्प्युटरवरचा भार हलका होईल, म्हणून रणजितनं तो सकाळीच काढून टाकला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला अजून कळायचं होतं.

तीन वाजता सुमेधाचा मेसेज आला. "९४. मी grand आहे." म्हणजे इथल्या भाषेत 'मजेत'. तिकडे सामना सुरू झाला. कानात हेडफोनवर हरीश होता. हा त्याचा टीम लीड, मूळचा डोंबिवलीचा. गॉलवेत बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत, पण माणूस मनानं चांगला.

अकराव्या मिनिटाला कॅमेऱ्यानं मैदान लांबून दाखवलं, तेव्हा रणजितला तो चौकोन दिसला. पलीकडच्या स्टँडमध्ये, लाल खुर्च्यांच्या मधून वर जाणाऱ्या पायऱ्यांवर, अगदी खाली. पिवळा, उभा, माणसाच्या मापाचा. आत कुणीच नव्हतं.

"हरीश, स्टँडमध्ये एक बॉक्स येतोय. तुला दिसतोय?"

"दिसतोय. सिक्युरिटीवाला असेल रे."

"कुणी नाहीये तिथे. मोठं करून बघ."

हेडफोनमध्ये हरीशच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली. "खुर्ची असेल यार. प्रोग्रॅम तुझा, मला काय विचारतोस?"

खुर्च्या चालत नाहीत. हा चौकोन एक पायरी चढला, थांबला आणि पुन्हा एक पायरी चढला. चढताना तो दर दुसऱ्या पावलाला किंचित डावीकडे कलत होता. रणजितनं त्याच्या डोक्यावरचा नंबर वाचला, मग पुन्हा वाचला. नंबर होता ९०१.

खेळाडूंचे नंबर एक ते सव्वीस. नऊशेच्या पुढचे नंबर चाचणीचे. जूनमध्ये ऑफिस बंद होतं, चालणारी माणसं आणायची कुठून, म्हणून त्यानं सुमेधालाच मागच्या अंगणात तीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या. "भूल देणाऱ्या बाईला बुजगावणं केलंस," असं तोंडसुख घेत तिनं त्या मारल्या. प्रोग्रॅम माणसाची चाल लक्षात ठेवतो आणि ती पुन्हा दिसली की तोच नंबर देतो. कॉलेजात असताना सुमेधा लुनावरून पडली होती. तेव्हापासून तिचं डावं पाऊल आखूड पडतं. ९०१ म्हणजे सुमेधा. चाचणीचे नंबर पुसायचे त्याच्याकडून राहून गेले होते.

असू शकतं, त्यानं स्वतःला समजावलं. सावली हलली असेल, प्रोग्रॅमनं जवळात जवळची चाल शोधली असेल आणि हा नंबर चिकटवला असेल. यंत्रं असा गाढवपणा करतात, आणि तो निस्तरायचाच त्याला पगार मिळत होता. पण अकरा वर्षं ज्या पावलांच्या आवाजावरून तो बायकोचा मूड ओळखत आला, ती पावलं त्याला चौकोनातही ओळखू येत होती. त्याला भीती वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी.

हाफ टाइमला तो जिन्याशी गेला. "सुमेधा, बरी आहेस ना?"

"हो रे. झोपू... दे मला."

खाली येऊन त्यानं आधीचं चित्रण मागे-पुढे करून पाहिलं. चौकोन एकदाही खाली उतरला नव्हता. पायऱ्या जिथे संपत होत्या तिथे वर बाहेर जायचं दार होतं. लांबून तो नुसता एक काळा आयत दिसत होता. चौकोनापासून तिथवर त्यानं पायऱ्या मोजल्या. एकोणीस होत्या.

चार वाजता मेसेज आला. "९३." दुसरा हाफ सुरू झाला होता. सॅलफर्ड पुढे होतं, समालोचक आनंदानं ओरडत होता, जोडलेली गर्दी गर्जत होती. रणजितचं लक्ष तिकडे नव्हतं. चौकोन आता थांबत नव्हता. उरलेल्या पायऱ्या बारा. मग दहा.

त्यानं मेसेज केला. "ऑक्सिमीटरचा फोटो पाठव."

त्यानं पुन्हा लिहिलं.

"सुमेधा, फोटो."

नऊ पायऱ्या असताना फोटो आला. फोटो हललेला होता, पण आकडा स्पष्ट होता. चौऱ्याऐंशी.

म्हणजे ती खोटं बोलत होती. किंवा आकडा न बघताच पाठवत होती. रागवायलाही वेळ नव्हता. त्यानं ॲम्ब्युलन्सचा नंबर, नऊशे नव्याण्णव, फिरवला, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आकडा सांगितला. गाडी वीस मिनिटांत पोचेल, म्हणाले. त्यानं लॅपटॉप उचलला. तो कशाला बरोबर घेतला, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. मास्क न लावताच तो जिना चढला आणि त्यानं सहा दिवसांत पहिल्यांदा ते दार उघडलं.

सुमेधा उशांना टेकून बसली होती. ओठांचा रंग गेला होता. खिचडीला हात लागलेला नव्हता. खिडकीतून दुपारचं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं, तरी ती डोळे किलकिले करत नव्हती.

"गाडी येतेय," तो म्हणाला. "माझ्याकडे बघ. श्वास घे."

"चढ... फार आहे रे," ती म्हणाली.

त्यानं तिचा हात धरला. लॅपटॉप पलंगाच्या कडेला उघडा होता. सात पायऱ्या.

"रणजित," कानात हरीश बोलला. "दहा मिनिटांत फाइल द्यायचीय. तो बॉक्स सगळी गणती बिघडवतोय. स्टँडवर पडदा टाक."

"नको."

"का?"

"थोडं थांब. प्लीज, हरीश."

सहा.

लीड्सनं बरोबरी केली. सोळा-सोळा.

तिनं श्वास घेतला की चौकोन एक पायरी चढत होता. दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं.

चार.

"सुमेधा, चढू नकोस. तिथेच बस. खुर्ची आहे बघ, बस."

"कुणाशी बोलतोयस?" हरीश म्हणाला.

तीन.

लीड्सच्या खेळाडूनं बॉल जमिनीला टेकवून उडवला. तो दोन खांबांमधून गेला. एक गुण. सतरा-सोळा.

दोन.

"सॉरी यार, मी इथून टाकतो पडदा," हरीश म्हणाला.

"हरीश, नको."

स्टँड काळा झाला.

चौकोन नाहीसा झाला. त्याचं डावं पाऊल तेव्हा उचललेलं होतं.

सुमेधाचा श्वास थांबला. रणजितनं मोजलं. पाच. सहा. सात. मग तिनं पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि भर उन्हात खोलीभर नजर फिरवली.

"दिवा कुणी घालवला?" तिनं विचारलं.

ॲम्ब्युलन्स आली. ऑक्सिजन लावल्यावर आकडा भराभर चढला. नव्वद, त्र्याण्णव. "शी विल बी ग्रँड," गाडीतला माणूस रणजितच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, आणि रणजित रस्त्यातच रडला.

बारा दिवसांनी सुमेधा घरी आली. थकलेली होती, पण तीच होती. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरातलं कपाट उघडून सगळे डबे कसे चुकीच्या जागी ठेवलेत ते दाखवलं, आणि ती बोलणी ऐकताना रणजितला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आकडा अठ्ठ्याण्णव. तिच्या सहकारी डॉक्टरांनी दोनदा तपासलं, सगळं ठीक निघालं. सामन्याची फाइल कंपनीनं पास केली. रणजितनं ती पुन्हा उघडली नाही. ९०१ मात्र त्यानं पुसून टाकला.

दिवाळीच्या दिवशी दुपारी त्यांनी नागपूरला सुमेधाच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा पसारा होता. तो दिसू नये म्हणून रणजितनं मागचं सगळं धूसर करायचं बटण दाबलं. त्यात माणसं तेवढी स्पष्ट राहतात. दोघं लॅपटॉपसमोर खेटून बसली. सुमेधानं मोरपंखी कुर्ता घातला होता.

"रणजितराव, दिवाळीच्या शुभेच्छा," आई म्हणाल्या. "आमची सुमेधा कुठं गेली? बोलवा न तिले."

"आई, मी इथेच आहे," सुमेधा हसली.

"आवाज तर येऊन राहिला बाई. पण तू दिसून नाही राहिली."

रणजितनं पडद्यावर पाहिलं. तो स्वतः स्वच्छ दिसत होता, कपाळावरच्या कुंकवासकट. शेजारी कपड्यांचा ढीग, भिंत आणि मोरपंखी रंग एकमेकांत मिसळून गेले होते. सुमेधा पुढे झुकली, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. तो रंग फक्त मोठा झाला.

"नेट गंडलंय," ती म्हणाली. रणजितच्या मुठीत तिचा हात होता. ऊबदार हात. मनगटातली नाडी त्याला नीट लागत होती. तिनं ते दोन्ही हात गुंफलेलेच वर उचलले आणि कॅमेऱ्यासमोर धरले. "हे बघ, आई. दिसले?"

नागपूरला आईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"रणजितराव," आई म्हणाल्या, "तुम्ही एकट्यानंच हात काऊन वर केला?"